वजन टाकायचं नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मधेच बोलायला नको. मी खांबावरून पडले नाही. बारा वर्षं लाईनवर काढली. उन्हात तापलेले, पावसात निथळणारे, वेलींनी गुरफटलेले, लाल मुंग्यांनी भरलेले, सगळ्या तऱ्हेचे खांब चढले आणि धडपणे उतरले. मी पडले ती आमच्या स्वयंपाकघरातल्या अडीच फुटी स्टुलावरून, शेवयांच्या डब्यापायी.

हसायचं असेल तर हसून घ्या. आता मलाही हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

मी वायरमन आहे. कागदावर माझ्या पदाचं नाव काहीतरी लांबलचक छापलंय, पण आमच्या इंदापूर तालुक्यात त्या नावानं मला अजून एकानंही हाक मारलेली नाही. बायका 'लाईटवाली ताई' म्हणतात, गडीमाणसं 'वायरमन म्याडम' म्हणतात, आणि लाईट गेली की दोघंही तोंडाला येईल ते म्हणतात. आयटीआय करून भरतीला गेले तेव्हा खांब चढून दाखवायचा होता. पोरांमध्ये मी एकटी. खाली उभा राहिलेला एकजण म्हणाला होता, "ही काय चढणार!" वर जाऊन मी त्याच्याकडं बघितलं आणि चांगली दोन मिनिटं तिथंच थांबले. तो माझा स्वभाव. त्याला माझा इलाज नाही.

तर त्या दिवशी उन्हाळ्यातली दुपार होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, मला म्हणाल्या, "बये, माळ्यावरचा शेवयाचा डबा काढ की. गुळवणीत शेवया खाव्या वाटत्यात." वर्षाच्या शेवया नुकत्याच करून वाळवून भरल्या होत्या, डबा गच्च होता. आमच्या स्टुलाचा एक पाय आखूड. त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. त्या दिवशी सकाळी मीच झाडलोट केली होती आणि पुठ्ठा कचऱ्याबरोबर गेला होता. खांबावर चढायच्या आधी मी चारचारदा पट्टा ओढून बघते. स्टुलावर चढताना मात्र खाली नजरसुद्धा टाकली नाही. घरात कसली आलीय काळजी!

डबा हातात आला आणि स्टूल कलंडलं. घोट्याच्या वर कट्कन आवाज झाला, तो मला आधी ऐकू आला, दुखायला मागनं लागलं. डबा उघडला, आणि मी आपली शेवयांत पडलेली. आत्या डोक्याला हात लावून नुसत्या "आगं आई, आगं आई" करत होत्या. पुढं कित्येक दिवस त्या घरात पायाखाली कुठं ना कुठं एखादी शेवई कुरकुरायची.

आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. ते तेव्हा मुंबईच्या वाटेवर. शेजारच्या जीपमध्ये घालून मला बारामतीला नेलं, बरोबर आत्या. हाडांचे डॉक्टर घाईतले होते, पण माणूस चांगला. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि आत्यांना सांगितलं, "सहा आठवडे प्लास्टर. आणि एक लक्षात ठेवा आजी, अजिबात वजन टाकायचं नाही." मी इंजेक्शनच्या गुंगीत होते. पाय जमिनीला टेकवायचा नाही हे मला नंतर प्लास्टर लावणाऱ्या भाऊनं बजावून सांगितलं, त्यामुळं पायाच्या बाबतीत चूक झाली नाही. चूक झाली ती ताटात.

कारण आत्यांचं सगळं आयुष्य जनावरांत गेलेलं. म्हैस दुखण्यातून उठली की त्या म्हणतात, "लई अंग टाकलं गं बिचारीनं." बैल उन्हाळ्यात वाळला की "त्येनं वजन टाकलं." त्यांच्या भाषेत वजन टाकणं म्हणजे वाळणं, झिजणं, बरगड्या दिसणं. आणि शिकलेल्या डॉक्टरनं, एक्स-रे बघून, बोट वर करून सांगितलं होतं की सुनेनं वजन टाकायचं नाही. अजिबात!

मग काय विचारता. सकाळी उठल्यावर डिंकाचा लाडू, वर म्हशीचं दूध पेलाभर. नऊला अळिवाची खीर. दुपारी दोन भाकरी, तुपात बुडवलेल्या. एक दिवसाआड पायाचं सूप, आणि बुधवारी भिगवणहून कुणी येणारं असलं की चिलापी मासे. मी म्हणायचे, "आत्या, बास." त्या म्हणायच्या, "डाक्टरनं सांगितलंय. तू गप." मलाही वाटलं, सांगितलं असेल बाई, हाड जुळायला खुराक लागत असेल. आणि खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, पण कुणी माझ्यासमोर ताट आणून ठेवलंय आणि मी बसून खातेय, हे पहिल्यांदाच होत होतं.

भेटायला येणाऱ्यांचा तर तांडाच लागला. आमच्याकडं दुखणाऱ्याला रिकाम्या हातानं बघायला जात नाहीत. कुणी अंडी, कुणी केळी, कुणी बिस्किटाचे पुडे. प्रत्येकजण माझ्याकडं बघून समाधानानं म्हणायचा, "तब्येत मस्त सुधारली की!" आमच्या बोलीत जाड होणं म्हणजे सुधारणं आणि बारीक होणं म्हणजे खराब होणं, हे आधी ध्यानात घ्या. आणि हे बोलून झालं की दुसरं वाक्य ठरलेलं, आवाज खाली आणून: "पर बाईमानसानं कशाला खांबावर चढायचं? पडलीस का न्हाय शेवटी!"

"मी खांबावरून नाही पडले! स्टुलावरून पडले, इथं, घरात!"

"व्हय व्हय," म्हणायचे आणि आत्यांकडं बघायचे. आत्या चहा टाकायला आत जायच्या. मला वाटायचं, या लोकांच्या डोक्यातच बसलंय, बाई आणि खांब म्हटलं की पुढचा शब्द पडली. चडफडत मी अजून एक लाडू खायचे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, नवा एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "छान. आता हळूहळू वजन टाकायला लागा."

आत्या तटकन उठल्याच. "आवं डाक्टर, तुमीच म्हनला व्हता ना, वजन टाकायचं न्हाय?"

"हो आजी. तेव्हा नाही टाकायचं. आता टाकायचं."

"आसं कसं? सहा आटवडं रातध्याड चारलं तिला. पायाचं सूप, लाडू, तूप. ते समदं आता टाकायचं?"

डॉक्टरांनी आत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग मला वजनकाट्यावर उभं केलं, वॉकर धरून, एका पायावर. दहा किलो वाढले होते. डॉक्टर खुर्चीत बसले आणि असे हसायला लागले, की बाहेरची नर्स डोकावली. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मग म्हणाले, "ताई, आता दोन्ही टाकावं लागेल. पायावर टाका आणि अंगावरचंही टाका. एवढा भार त्या हाडाला नको." आत्यांना परत बसवून त्यांनी नीट समजावून सांगितलं. जीपमध्ये आत्या अख्ख्या रस्त्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मी मात्र खिडकीकडं तोंड करून हसत होते. अजून मला पुढचं कळलं नव्हतं ना.

पुढचं कळलं ते ऑफिसात. आणखी महिन्याभरानं डॉक्टरांनी कामावर जायचा दाखला दिला. तो घेऊन, काठी टेकत, मी आमच्या साहेबांपुढं उभी राहिले. साहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मऊ माणसांची मला भीतीच वाटते. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही आता तक्रारींचं रजिस्टर सांभाळा. फोन घ्यायचे, नोंद करायची. पंख्याखाली काम. खूप केलंत तुम्ही."

"किती दिवस?"

"दिवस असं नाही... कायमच. गावातली दोन माणसं येऊन गेली. म्हणाली, खांबावरून पडलेल्या बाईला परत वर चढवू नका, उद्या काही झालं तर तुम्हाला जड जाईल."

"साहेब, मी खांबावरून..."

"मला माहिती आहे, ताई. तुमच्या रजेच्या अर्जावर लिहिलंय. पण गावाच्या तोंडाला मी काय लावू?"

कोपऱ्यात आमचे तात्या बसले होते. तात्या आमच्यातले सगळ्यात जुने वायरमन, मला लाईनचं काम त्यांनीच शिकवलं. ते उठले, कपाटातून माझा सेफ्टीचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "बांध."

त्या पट्ट्याचं तिसरं भोक माझं. बारा वर्षं काटा तिथंच घातलेला, त्यामुळं ते घासून लांबट झालंय. मी पट्टा कंबरेभोवती घेतला आणि ओढला. श्वास आत घेतला आणि परत ओढला. पहिल्या भोकालासुद्धा काटा पोचेना. मधे चार बोटांची फट राहिली. ऑफिसात सहाजण होते. एकजण खोकला, साहेब मोबाईल बघायला लागले. माझ्या कानशिलापर्यंत आग आली. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मला राग येतो, तोही माझा स्वभावच.

तात्या एवढंच म्हणाले, "पट्टा खोटं बोलत न्हाय, पोरी."

"मग तोच सांगेल," मी म्हणाले. "साहेब, तीन महिने द्या. तोवर रजिस्टर सांभाळते. तीन महिन्यांनी हा काटा तिसऱ्या भोकात बसला, तर तुमच्यासमोर, त्या दोन माणसांसमोर, गावासमोर खांब चढून दाखवते. नाही बसला, तर कायमचं रजिस्टर घेते, परत नाव काढणार नाही."

हट्ट कशाला, पंख्याखालची नोकरी वाईट का, असं आमचे हेसुद्धा म्हणाले. वाईट नाही हो. पण माझ्यामागनं आमच्या सेक्शनला दोन पोरी लाईनवर आल्यात. मी टेबलावर बसले, की उद्या त्यांनाही कुणीतरी असंच मायेनं टेबल आणून देणार, पाणी मागवणार आणि "खूप केलंत" म्हणणार. शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं. माया करणाऱ्याला काय सांगायचं? आणि दुसरं म्हणजे, मला खांब आवडतो. वरून लाईन जोडून खाली हात केला, की अख्ख्या वस्तीतले पंखे एकदम फिरायला लागतात. रजिस्टरमध्ये नुसतं लिहायचं असतं, लाईट गेली.

पट्टा मी घरी आणला आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला, जेवायला बसलं की डोळ्यासमोर येईल असा. दर रविवारी लावून बघायचा.

रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं चालायला सुरुवात केली. आधी काठी घेऊन पहिल्या मोरीपर्यंत, मग पुलापर्यंत, मग काठी सोडून. घोटा असा ठणकायचा की डोळ्यात पाणी यायचं. चिखलाचे दिवस, त्यात कालव्यावर धुणं घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "कुठं चाललीस गं एवढ्या फाटंचं?"

"वजन टाकायला!"

"कुठं टाकनार हायस? हितं कालव्यात?" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. हसा म्हटलं. मी हसत हसत चालायचे आणि मोरीच्या पलीकडं गेले की रडून घ्यायचे.

सगळ्यात अवघड गेला चहा. माझं काम घरोघरचं. मीटर बघा, सर्व्हिस वायर बघा. आता तक्रारी लिहून घेते म्हणून लोक तर ऑफिसला जाता-येता घरात बोलावून बसवायचे. दिवसाला आठ-दहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. नाही म्हटलं की लगेच, "आमच्या घरचा चालत न्हाय व्हय?" यातली गंमत सांगते. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांच्या लहानपणी यातल्याच काही घरांत आमच्या माणसांची कपबशी वेगळी, ओसरीच्या वळचणीला पालथी ठेवलेली असायची. वडील ती आठवण सांगताना कधी चिडायचे नाहीत, नुसतं कप कसला होता तेवढं सांगायचे. कान तुटलेला, पांढरा. आणि आज त्याच ओसरीवर खुर्ची टाकून, ट्रेमधून कप पुढं करून मला आग्रह चाललाय. इतकी वर्षं मी तो चहा पितच होते, हक्कानं, दुसरा कपसुद्धा मागून. आता म्हणायला लागले, "नको. वजन टाकतेय." त्यांचा चेहरा पडायचा. पडू दे. पिणं जसं माझ्या हातात, तसं न पिणंही माझ्याच हातात, आणि मला त्या 'नको'ची चव साखरेपेक्षा बरी लागायला लागली.

एवढं करून तीन रविवार गेले तरी काटा पहिल्या भोकालाही पोचला नाही. फट तेवढीच. अर्धी भाकरी खाते, मटकी खाते, ताक पिते, तीन-चार किलोमीटर चालते, आणि फट तेवढीच! मला वाटलं, माझं अंगच फितूर झालं. एक दिवस आमटी गार झाल्यावर बघते तर वर बोटभर तुपाचा थर. भाकरी मोडून बघितली, तर आत तूप घालून परत चिकटवलेली. भाजीत दाण्याचं कूट असं, की भाजी कुठं ते शोधावं लागावं.

"आत्या!" मी ताट सरकवलं. "तुम्ही माझ्या पोटावर उठलाय!"

"पोटावर?" त्याही उसळल्या. "तुझ्या पोटातच घालतीय की गं मी!"

"कशाला घालताय? डॉक्टरांनी एवढं समजावलं, तुमच्यासमोर!"

"डाक्टरला काय कळतंय. मोडलेलं मानूस हाय तू. कशी दिसाय लागलीस बघ. लोक म्हनतील, सासूनं उपाशी मारली."

मी न जेवता उठले. संध्याकाळी तशीच तणतणत कालव्यावर गेले. तिथं आमच्याच आळीतली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिनं परत तेच काढलं, खांब आणि पडणं. मी इतकी चिडले होते की तिच्यावर ओरडलेच, "कुणी सांगितलं तुम्हाला मी खांबावरून पडले म्हणून?"

म्हातारी थंडपणे म्हणाली, "तुझ्या सासूनं. आजून कोन सांगनार? त्याच दिशी समद्या आळीला सांगिटलं तिनं."

मी घोट्याचं दुखणं विसरून घरी आले. आत्या चुलीपुढं होत्या. मी दारातूनच विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "मग काय सांगू? माज्या हावरेपनापायी सून मोडली, आसं सांगू? शेवया काय मरत व्हत्या? उद्या खाल्ल्या असत्या. ज्या पायावर ह्ये घर उभं ऱ्हायलं, त्योच मी मोडला. त्ये सांगाय तोंड हाय का मला?"

मला कीव आली का? आली. पण राग जास्त आला, आणि तो मी गिळला नाही. म्हणाले, "आत्या, तुमची लाज झाकायला तुम्ही माझा खांब घेतलात. तुमच्या एका बोलण्यावर माझी बारा वर्षं जातायत. पडायचं असतं तर मी तिथं कधीच पडले असते, मान ताठ ठेवून. तिथं मी पडले नाही, तेच माझं आहे. तेवढं तरी माझं राहू द्यायचं होतं." एवढं बोलले आणि मग मात्र रडूच फुटलं. त्याही रडल्या, पण मी जवळ गेले नाही.

चार दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ताट समोर आलं, आदळूनच आलं. अर्धी भाकरी, कोरडी ठाक. वाफवलेली मटकी, मुळ्याच्या फोडी, वाटीत पातळ ताक. "गिळ," आत्या म्हणाल्या. मी भाकरी मोडून आत बघितलं. तूप नव्हतं.

त्यानंतर अंग हललं. एका रविवारी पहिल्या भोकात काटा गेला, श्वास रोखून का होईना. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या भोकात. आता पट्टा ओढायला आत्या मागं उभ्या राहायला लागल्या, म्हशीला दावं बांधावं तशा गुडघा लावून ओढायच्या. "आत घे की पोट! आजून!" दिवाळीत फराळाचा डबा त्यांनी शेजारी नेऊन ठेवला. आणि मुदत संपायला आठवडा राहिला असताना काटा तिसऱ्या भोकात जाऊन बसला, कट्कन. त्या आवाजानं आम्ही दोघीही दचकलो, कारण तसाच आवाज आम्ही त्या घरात एकदा ऐकला होता.

ठरलेल्या दिवशी साहेबांनी मुद्दाम आमच्याच गावातलं काम काढलं. शाळेजवळच्या खांबावर वरची जोडतार बदलायची होती. लाईन बंद केली, तात्यांनी स्वतः दोनदा तपासली. ती दोन माणसं आली होती आणि सगळी आळी आली होती. एका बाईचं बोलणं माझ्या कानावर आलं, "लई खराब झाली गं ही!" उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मी पट्टा बांधला. दोघांतला थोरला साहेबांना म्हणाला, "साहेब, आमचं सांगायचं काम. एकदा पडलेली बाई हाय."

तेवढ्यात गर्दीतून आत्या पुढं आल्या. पदर खोचलेला, आवाज खणखणीत. "कोन म्हनतं पडली? खांबावरनं न्हाय पडली ती. माज्या घरात पडली, स्टुलावरनं. मला शेवया खायाच्या व्हत्या म्हनून पडली. मी खोटं सांगिटलं समद्यास्नी. आता नावं ठेवायची तर मला ठेवा. तिला वर जाऊ द्या."

शेळीवाली म्हातारी म्हणाली, "शेवया?" आणि मग एकदम हशा उठला. आत्या हलल्या नाहीत. भर गावात, सत्तरीच्या वयात, स्वतःचं हसं करून घेऊन तिथं उभ्या राहिल्या. माझा दोन महिन्यांचा राग तिथंच गेला. खोटं सांगत नाही, तो पट्ट्याआडच कुठंतरी अडकला होता.

तात्या शिडी धरून म्हणाले, "चढताना कुनी पडत न्हाय. उतरताना, झालं आता, पोचलो, आसं वाटलं की मानूस पडतं. तेवढं ध्येनात ठेव."

पहिल्या पायरीवर घोट्यानं कळ मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर मी तिला म्हटलं, मार किती मारायची ती. वर पोचले, पट्टा खांबाला घातला, मागं रेलले. मागं रेलताना पट्टा धरतो की नाही, हे त्या एका क्षणातच कळतं. धरला. जोडतार बदलली, आवळली, दोनदा बघितली. काम झाल्यावर खाली त्या थोरल्याकडं बघितलं आणि चांगली दोन मिनिटं तिथंच थांबले. मग सावकाश, एकेक पायरी मोजत उतरले. लाईन चालू झाली. शाळेतले पंखे फिरले आणि पोरांनी ओरडा केला. साहेबांनी रजिस्टरच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडून परत मागून घेतल्या.

घरी आल्यावर मी पट्टा खिळ्याला टांगला आणि खाटेखाली माझी नजर गेली. शेवयांचा डबा तिथंच होता, पोचा पडलेला, उन्हाळ्यापासून. आत्यांनी तो परत वर चढवलाच नव्हता. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिथंच. काय खाती का?"

"नाही," मी म्हणाले. "त्याची जागा माळ्यावर."

स्टूल ओढलं. त्यावर पाय ठेवला आणि थांबले. पाय खाली घेतला, परत ठेवला, पण दुसरा काही जमिनीवरून उचलेना. सकाळी खांबावर सगळ्या गावासमोर जे झालं नव्हतं, ते इथं होत होतं. तेव्हा मला कळलं की इतके महिने मी लोकांना ओरडून सांगत होते, स्टुलावरून पडले, स्टुलावरून पडले, आणि त्या स्टुलाला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. घरातलं उंचावरचं सगळं यांनाच काढायला सांगत होते.

आत्यांनी बघितलं. त्या खाली बसल्या, फरशीवर, मांडी घालून. स्टुलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, वर दोन्ही हातांनी स्टूल गच्च आवळून धरलं आणि डोकं वर करून माझ्याकडं बघितलं.

"धरलंय मी," त्या म्हणाल्या. "टाक वजन."

मी टाकलं.